उजवीकडचा वरचा कोपरा

माझ्या कामाबद्दल आमच्या सोसायटीत दोन मतं आहेत. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन सगळ्यांना सांगतात की ही मुलगी दिवसभर घरी बसून कम्प्युटरवर तारे बघते आणि वर तिला पगार मिळतो. आमची आत्या म्हणते, ती तारे बघत नाही, ताऱ्यांचे वाकडे आलेले फोटो सरळ करते. आत्याचं म्हणणं खरं आहे, त्यामुळे मी ते कधी खोडून काढलं नाही. फक्त त्याला जोडून ती “लग्नाच्या फोटोवाल्यासारखं” असं म्हणते तेव्हा मला राग येतो. मला राग लवकर येतो, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

आम्ही बडोद्याला कारेलीबागेत राहतो. घरात आई, बाबा, मी आणि बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या. बाबा कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाले. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, जवळच हरणीला राहतात, पण संध्याकाळचा चहा त्यांना आमच्याकडेच लागतो. काका आणि आत्या पाठोपाठची भावंडं. दोघांनीही साठी ओलांडली, तरी त्यांची भांडणं अजून तिसरी-चौथीतली आहेत. आमचे पूर्वज संस्थानाच्या फौजेत होते असं सांगतात. त्या फौजेचं आता आमच्याकडे एवढंच उरलंय की फोटो काढायचा म्हटलं की घरातला प्रत्येक जण छाती काढून ताठ उभा राहतो आणि एकही जण हसत नाही.

मी बडोद्यातच शिकले, मग पुण्याला, मग काही वर्षं परदेशात. एका मोठ्या अवकाश दुर्बिणीच्या गटात मला काम मिळालं, आणि गटातली माणसं निरनिराळ्या देशांत विखुरलेली असल्यामुळे मी कुठे बसून काम करते याची कुणाला फिकीर नव्हती. मग मी सरळ घरी आले. आईने जुन्या कपाटाची खोली रिकामी करून दिली, बाबांनी तिथे टेबल लावलं, आणि त्या खोलीला सगळे ‘ऑफिस’ म्हणायला लागले. मी आत असले की आत्या दार वाजवून चहा आणते, ही मात्र तिने स्वतःहून पाळलेली शिस्त आहे.

काम काय, ते थोडक्यात सांगते. आमची दुर्बीण एका वेळी आकाशाचा बराच मोठा तुकडा टिपते. इतकं रुंद बघायचं म्हटलं की थोडं वाकडं दिसणं आलंच. फोटोच्या मध्यावरचे तारे जवळपास जागच्या जागी असतात, आणि कडेला जावं तसे सरकत जातात, जणू चादरीची टोकं कुणी ओढून धरली आहेत. डोळ्यांना हे कळतसुद्धा नाही. पण आमचं सगळं मोजमाप पिक्सेलच्या बारीकशा भागावर चालतं, म्हणून ते सरळ करावंच लागतं. त्यासाठी आकाशातली एक ताऱ्यांनी भरलेली जागा निवडायची. तिथल्या ताऱ्यांच्या नेमक्या जागा आधीच्या एका मोहिमेने काढून ठेवलेल्या असतात. आपल्या फोटोत प्रत्येक तारा कुठे पडला आणि पडायला कुठे हवा होता, त्यातला फरक बाणाने दाखवायचा. मग त्या सगळ्या बाणांना मिळून लागू पडेल असं गणिताचं सूत्र बसवायचं. सूत्र बरोबर बसलं की उरलेले बाण इवलेसे होतात आणि वाटेल त्या दिशेला तोंड करून पडतात. असा विस्कटलेला फोटो बघून आनंद होणारी माणसं जगात थोडी असतील, त्यातली मी एक.

फोटोचे आम्ही भाग वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला उजवीकडचा वरचा भाग आला. बाकीच्यांचे भाग सरळ झाले. माझाही झाला, फक्त अगदी टोकाचा कोपरा सोडून. तिथले बाण काही केल्या विस्कटेनात. शाळेत प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखे सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे. मी सूत्रात आणखी पदं घातली. बाण थोडे आखूड झाले, पण तोंडं तिकडेच. आणखी पदं घातली, तेव्हा कोपरा जरा बरा दिसायला लागला आणि शेजारचा चांगला भाग बिघडला. मी त्या कोपऱ्यावर चिडले. निर्जीव वस्तूवर चिडायचं नसतं असं आई म्हणते, पण तिने तो कोपरा पाहिलेला नव्हता.

आमच्या गटाच्या प्रमुख बाई फार हळू बोलतात आणि म्हणूनच त्यांचं बोलणं लागतं. त्या मला म्हणाल्या की पदं वाढवत गेलीस तर सूत्र काहीही गिळेल, खोटं गिळेल तसं खरंही गिळेल. मग त्यांनी शांतपणे ठरवून टाकलं. येत्या गुरुवारच्या बैठकीपर्यंत कोपरा सरळ झाला नाही तर तो कापायचा. कापायचा म्हणजे प्रत्येक फोटोत तो काळा करायचा, तिथले तारे, दीर्घिका, जे काही असेल ते मोजायचंच नाही. एका फोटोत तो कोपरा लहानच होता. पण ही दुर्बीण वर्षानुवर्षं फोटो काढणार होती, आणि त्या प्रत्येक फोटोत माझा कोपरा काळा राहणार होता. सगळ्या आकाशातून माझ्या नावाची एक चिंधी फाडून टाकल्यासारखं मला वाटलं. घरी मी एवढंच सांगितलं की गुरुवारी माझा कोपरा ठेवायचा की कापायचा हे ठरणार आहे. त्या दिवसापासून घरात कुणी मोठ्याने बोलेना. आत्याने तर देवापुढे दिवा लावताना ‘कोपऱ्याचं बघा’ असं सांगितलेलं मी स्वतःच्या कानाने ऐकलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या दुर्बिणीला सूर्याकडे पाठ ठेवून राहावं लागतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तशी दुर्बिणीलाही वळत राहावं लागतं, आणि त्यामुळे सहा महिन्यांनी आकाशाची तीच जागा तिला बरोबर उलटी दिसते. वरचं खाली, उजवीकडचं डावीकडे. असे उलट्या बाजूने काढलेले नवे फोटो येऊन पडले होते. मी ते उघडलेसुद्धा नव्हते. आधी हातातलं नीट करायचं, मग पुढचं, हा माझा हट्ट. बाबा ह्याला चिकाटी म्हणतात आणि आई दुसरंच काहीतरी म्हणते.

त्यातच रविवारी बाबांची पंचाहत्तरी आली. मला त्या दिवशी कुणाचंही तोंड बघायची इच्छा नव्हती, पण श्रीखंड घरी केलेलं होतं आणि समारंभ आमच्याच सोसायटीच्या गच्चीवर होता, तेव्हा पळून जायला जागा नव्हती. सकाळी नातेवाईक जमले. आईने बाबांना ओवाळलं, आत्याने ओवाळलं, काकांनी भाषण करायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्याच वाक्याला रडले. बाबा मात्र पूर्ण वेळ समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत ताठ बसले होते. मग सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं.

फोटो काढायला समोरच्या बेनचे यजमान पुढे आले. त्यांचा फोन नवा होता. माणसं जास्त आणि गच्ची अरुंद, त्यामुळे एवढे सगळे मावेनात. “बधा जरा पास पास आवो,” ते म्हणाले, पण आम्ही फौजेतले, दोन माणसांत अंतर ठेवूनच उभे राहणार. शेवटी त्यांनी फोनवरची रुंद फोटोची सोय चालू केली आणि सगळे मावले. आई-बाबा मध्ये खुर्च्यांवर, उजव्या टोकाला आत्या आणि डाव्या टोकाला काका. दोघांना एकमेकांपासून शक्य तितकं लांब ठेवायचं, ही आमच्या घरची जुनी रीत.

फोटो बघितला आणि आत्या बिथरली. ती मुळात सडसडीत. पण फोटोत तिचा खांदा आडवा पसरला होता आणि चेहरा पोळीसारखा रुंद झाला होता. ती म्हणाली की हा फोन खराब आहे. यजमान बिचारे वरमले. काका म्हणाले, फोन खराब नाही, फोन खोटं कशाला बोलेल, रोज दुपारी शेव-उसळ खायची आणि मग फोनला नावं ठेवायची. आत्याने त्यांना त्यांच्या बाजूचा फोटो दाखवला. तिथे काकाही चांगलेच पसरले होते. काका म्हणाले, बघ, मी तक्रार करतोय का?

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. घरात ताऱ्यांचे फोटो सरळ करणारं माणूस असताना दुसऱ्या कुणाला विचारायचं? मी वैतागून सांगितलं की रुंद फोटोत कडेची माणसं ताणली जातात, त्यात फोनचा गुन्हा नाही की आत्याचाही नाही. मध्यावर उभं राहिलं की माणूस जसं असतं तसं दिसतं. हे ऐकल्यावर आत्या थेट मध्यावर जाऊन बाबांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि काकांनाही हाताला धरून शेजारी ओढलं. “काढो, भाई, हवे काढो,” ती यजमानांना त्यांच्या गुजरातीत म्हणाली, आणि मग काकांकडे बघून, “दाखवते मी याला.”

दुसरा फोटो निघाला. आत्या त्यात होती तशी सडसडीत, ताठ, एकदम झकास. आणि तिच्या शेजारी काका, पहिल्या फोटोत होते तेवढेच रुंद. मध्यावर येऊनही त्यांचं काहीही कमी झालेलं नव्हतं. सगळी गच्ची हसायला लागली. आत्या तर हसून हसून टाकीला टेकली. काकांनी फोन हातात घेतला, दोन्ही फोटो आलटून पालटून बघितले आणि मोठ्या मनाने निकाल दिला.

“हिचं होतं ते कॅमेऱ्यामुळे. माझं आहे ते माझंच आहे. जागा बदलली तरी माझ्याबरोबर येतंय.”

मीही हसत होते आणि हसता हसता थांबले. माझा कोपरा. तो आत्यासारखा होता की काकांसारखा, हे मी कधी बघितलंच नव्हतं. कारण मी त्या ताऱ्यांची जागा कधी बदललीच नव्हती. माझ्या सगळ्या फोटोंत तेच तारे त्याच कोपऱ्यात होते, आणि दोष कॅमेऱ्याचाच असणार असं मी धरून चालले होते. ज्या फोटोंत त्यांची जागा बदललेली होती ते माझ्या कम्प्युटरवर न उघडता पडले होते.

मी जिना उतरून घरात आले. आई मागून विचारत होती की पंगत बसतेय, कुठे चाललीस. मी नवे फोटो उघडले. जुनं, कमी पदांचं साधं सूत्र घेतलं आणि त्यांना लावून बाण काढले. उजवीकडचा वरचा कोपरा स्वच्छ होता. तिथले बाण इवलेसे, मनाला येईल तिकडे तोंड करून. आणि त्याच्या तिरप्या समोरच्या, म्हणजे डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे आता ते तारे जाऊन बसले होते, तिथे प्रार्थनेची रांग उभी होती. फोटो उलटा आहे हे लक्षात घेऊन पाहिलं तर आकाशात त्यांची दिशा तंतोतंत तीच होती.

दुर्बिणीचा काही दोष नव्हता. जे होतं ते ताऱ्यांचं होतं आणि ताऱ्यांबरोबर चालत होतं.

मी परत वर गेले आणि पोटभर श्रीखंड-पुरी खाल्ली. आत्या म्हणाली की हिला काय झालं, ही आज हसतेय. काकांनी आपल्या वजनाची चेष्टा आणखी दोनदा करून घेतली, आणि मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. शेवटी मारलीच. ते इतके गोंधळले की त्यांनी खिशातून पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. ते पाकीट बाबांसाठी आणलेलं होतं, असं नंतर कळलं.

पण ताऱ्यांचं आहे म्हणजे नेमकं काय, हे अजून कळायचं होतं, आणि गुरुवार जवळ येत होता. त्या कोपऱ्यात एक तारकागुच्छ होता, पुष्कळ तारे एकत्र जमलेला. आधीच्या मोहिमेने त्याची जागा मोजली त्याला आता काही वर्षं झाली होती, आणि तारे स्थिर नसतात. ते सरकतात, अगदी थोडे, पण आमच्या मोजमापात पकडले जातील इतके नक्की. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि त्याची सोयही केलेली होती. आमचा प्रोग्राम प्रत्येक ताऱ्याला त्याच्या वेगाने आजच्या तारखेपर्यंत पुढे नेत असे. मग हे तारे मागे कसे राहिले?

सोमवारी आणि मंगळवारी मी तो प्रोग्राम ओळ न ओळ वाचला. तो माझ्या आधीपासून गटात चालत आलेला होता, आणि आम्ही सगळेच तो डोळे झाकून वापरत होतो. मंगळवारी दुपारी मला ती ओळ सापडली. गुच्छातल्या मंद, म्हणजे अंधूक दिसणाऱ्या ताऱ्यांचे वेग आधीच्या मोहिमेला मोजता आले नव्हते. तिथे रकाना मोकळा होता. आणि आमचा प्रोग्राम मोकळा रकाना दिसला की तिथे शून्य धरत होता. वेग माहीत नाही, या जागी वेग नाही असं आम्ही लिहून बसलो होतो. ताऱ्यांना आम्ही जागच्या जागी उभं केलं, ते काही उभे राहिले नाहीत, आणि मी महिनोन् महिने त्यांना ओढून परत जागेवर बसवायला बघत होते. मी खुर्चीत मागे टेकले आणि एकटीच हसायला लागले. आत्या दार न वाजवता आत आली, इतकं ते तिला काळजीचं वाटलं.

गुच्छातल्या मोजक्या ठळक ताऱ्यांचा वेग माहीत होता. गुच्छ एकत्र चालतो, म्हणून तोच वेग मी मंद ताऱ्यांनाही दिला आणि सगळं पहिल्यापासून चालवलं. चित्र पडद्यावर वरून खाली उमटत आलं. आधी उजवा वरचा कोपराच आला. बाण विस्कटलेले होते. इतकं सुंदर मी त्या वर्षात काही पाहिलेलं नव्हतं.

गुरुवारची बैठक आमच्याकडच्या संध्याकाळी होती. आईने कुकर लावला नाही. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि चौघंही बाहेरच्या खोलीत मुक्या बातम्या बघत बसले. मी आत दोन चित्रं दाखवली, एक सरळ आणि एक उलटं, आणि ती ओळ. पलीकडून एकाने विचारलं की बाकीच्या भागांतही हे शून्य लपलं असेल का, आणि मी म्हणाले असेल, पण तिथे असे तारे इतके कमी आहेत की फरक पडत नाही, मी बघितलंय. प्रमुख बाई तेवढा वेळ चित्राकडेच बघत होत्या.

“कोपरा कापायचा नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि या मंद ताऱ्यांना चालताना आजवर कुणी पाहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंय ना? ते मोजून त्यावरचा शोधनिबंध तूच लिही.”

ते माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. कोपरा वाचवायच्या नादात, वाचवण्यासारखं त्यात काय आहे हे मी बघितलंच नव्हतं. आम्ही जे काळं करून टाकणार होतो, नेमकं तेच पहिल्यांदा दिसत होतं. मी नुसती मान हलवली, आणि माझा कॅमेरा बंद असल्यामुळे ती कुणाला दिसलीही नाही.

मी बाहेर आले. चौघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. काका चहाचा कप तोंडाजवळ धरून तसेच थांबले होते.

“ठेवला?” बाबांनी विचारलं.

“ठेवला,” मी म्हणाले. आणि मग मला थांबताच येईना. दुर्बीण सरळच होती, तारेच चालत होते, आम्ही त्यांना उगाच वाकडं म्हणत होतो, आणि आता त्यांची चाल मीच मोजायची आहे, हे सगळं मी उभ्या उभ्या त्यांना सांगितलं. आई मध्येच उठून माझ्या पाठीवर हात फिरवायला लागली. काकांना किती कळलं कोण जाणे, पण ते प्रत्येक वाक्याला “वाह” म्हणत होते. बाबा लक्ष देऊन ऐकत होते.

“पण चाललेत कुठे ते?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, कुठे ते अजून नीट मोजायचंय. पण एकमेकांना न सोडता चाललेत, एवढं नक्की.

“एकत्र आहेत ना,” बाबा म्हणाले, “मग चालू दे त्यांना.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.